दुप्पट गुरुत्वाकर्षण, लाल तारा आणि सहा पायांचे प्राणी: परग्रहावरची जीवसृष्टी रचताना हिशेब कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कथेसाठी तुम्ही एक ग्रह रचला आहे. खडकाळ, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दुप्पट, तारा लाल बटू (सूर्यापेक्षा बराच लहान, मंद नि थंड), पाणी भरपूर. त्यावर सहा पायांचे, सिलिकॉनचे बनलेले बुद्धिमान प्राणी जमिनीवर कळपाने राहतात. उत्क्रांतीच्या हिशेबात हे कितपत बसतं, आणि बसत नसेल तर काय बदलावं?

सहा पाय चालतील. सिलिकॉन जवळजवळ नक्कीच चालणार नाही. बुद्धिमत्तेबद्दल ठामपणे हो किंवा नाही म्हणता येत नाही. आणि ज्या गोष्टीचा तुम्हाला सर्वांत जास्त त्रास होणार आहे ती तुम्ही विचारलेलीच नाही: या ग्रहावर जमीन असेल का?

मुळात गडबड क्रमाची आहे. असे काल्पनिक ग्रह तपासायला येतात तेव्हा बहुतेकांनी प्राणी आधी ठरवलेला असतो आणि ग्रह मागाहून त्याच्या मापाने बेतलेला असतो. मी या क्रमाने जातो: तारा, मग ग्रहाचं वस्तुमान आणि पाणी, मग ऊर्जा कुठून आणि किती मिळते ते, मग हवेत नि पाण्यात कोणते वायू साठतात ते, मग हाताशी असलेला वेळ, आणि सगळ्यात शेवटी शरीर. प्रत्येक पायरीवर पुढच्या काही शक्यता बाद होत जातात. शरीरापर्यंत येईतो निवडायला फारसं उरत नाही, आणि जे उरतं ते वाचकाला पटतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करायला हवी. जीवसृष्टीचा नमुना आपल्याकडे एकच आहे, पृथ्वीचा. २०२५ सालापर्यंत ६,०००हून जास्त परग्रहांची नोंद झाली, पण त्यांपैकी एकावरही जीव असल्याचं निर्विवादपणे दाखवता आलेलं नाही. २०२५ मध्ये के२-१८बी या सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाच्या हवेत डायमिथिल सल्फाइड असल्याचा बराच गाजावाजा झाला. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. पण तो संकेत क्षीण आहे, आणि तोच रेणू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, जिथे जीव असण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा खाली जे सांगतो आहे त्याच्या खात्रीचे तीन दर्जे समजा. भौतिकशास्त्रातून निघणारं पक्कं. रसायनातून निघणारं बऱ्यापैकी भरवशाचं. इतिहासातून निघणारं, म्हणजे पायांची संख्या, बोटं, बुद्धी वगैरे, निव्वळ शक्यतेच्या पातळीवरचं.

उत्क्रांतीची यंत्रणा स्वतः मात्र ग्रहावर अवलंबून नसते. माहिती पुढच्या पिढीकडे जात असेल, ती जाताना अधूनमधून चुका होत असतील, आणि सगळ्यांना पुरेल इतकं अन्न किंवा जागा नसेल, तर नैसर्गिक निवड होणारच. त्यासाठी डीएनए असलंच पाहिजे असं नाही. ग्रहानुसार बदलतं ते निवडीचा दाब कोणत्या दिशेने आहे ते.

आता एखादा गुणधर्म दुसऱ्या ग्रहावरही दिसेल का, हे कसं ताडायचं? पृथ्वीवर तो स्वतंत्रपणे किती वेळा उगवला ते मोजायचं. हवेत पंख मारून उडणं चार वेळा आलं: कीटक, टेरोसॉर (डायनोसॉरांच्या काळातले उडणारे सरीसृप), पक्षी आणि वटवाघळं. भिंग आणि पडदा असलेला कॅमेऱ्यासारखा डोळा पृष्ठवंशीयांत आणि ऑक्टोपसच्या कुळात वेगवेगळा घडला. निल्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये केलेल्या गणितात, प्रकाश जाणणाऱ्या सपाट कातडीपासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत यायला ४ लाखांपेक्षा कमी पिढ्या लागतात, आणि तेही मुद्दाम निराशावादी आकडे घेऊन. एकपेशीय जीवांपासून बहुपेशीय जीव किमान दोन डझन वेळा झाले. सी-४ प्रकारचं, म्हणजे मका-उसातलं, प्रकाशसंश्लेषण साठहून जास्त वेळा. या गोष्टी तुमच्या ग्रहावर बिनदिक्कत ठेवा.

उलट केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) असलेली गुंतागुंतीची पेशी, म्हणजे प्राणी, वनस्पती, बुरशी या सगळ्यांचा पाया, पृथ्वीवर एकदाच टिकलेली दिसते. व्याकरण असलेली भाषाही एकदाच. इथे घाईने निष्कर्ष काढू नका: एकदाच घडलेली गोष्ट दुर्मीळ असेलच असं नाही. पहिल्याने जागा अडवली म्हणून दुसऱ्याला संधी मिळाली नाही, असंही असू शकतं.

योगायोगाचा वाटा किती असतो, याचं प्रयोगशाळेतलं सर्वांत चांगलं उदाहरण रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगाचं. १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जीवाणूच्या एकाच पूर्वजापासून १२ वसाहती सुरू केल्या. माध्यम तेच, तापमान तेच, रोजचा क्रम तोच. बाराही वसाहती ग्लुकोजवर भराभर वाढायला शिकल्या आणि बहुतेकींच्या पेशी मोठ्या झाल्या, म्हणजे बरंचसं एकसारखं घडलं. पण त्या माध्यमात पहिल्यापासून पडून असलेलं सायट्रेट हे रसायन ऑक्सिजनच्या उपस्थितीत खाण्याची क्षमता साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर फक्त एकाच वसाहतीत आली. मागे जाऊन तपासल्यावर कळलं की त्या वसाहतीत आधी काही वेगळी उत्परिवर्तनं झालेली होती, आणि त्यांच्याशिवाय हा बदल जवळपास अशक्य होता. तुमच्या कथेत अशा एक-दोन योगायोगांना जागा ठेवा. वीस-पंचवीस असले की मात्र वाचकाचा विश्वास उडतो.

आता तुमच्या ताऱ्याकडे. लाल बटू निवडलात ते चांगलं केलंत, आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे याच जातीचे आहेत. सूर्याच्या ०.३ पट वस्तुमानाचा तारा घेऊ. त्याची दीप्ती, म्हणजे तो एकूण बाहेर टाकतो ती ऊर्जा, सूर्याच्या साधारण १ टक्का. ग्रहाला पृथ्वीइतकीच एकूण ऊर्जा हवी असेल तर अंतर दीप्तीच्या वर्गमुळाने ठरतं, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक दशांश. तिथे एक प्रदक्षिणा सुमारे २१ दिवसांत होते. इतक्या जवळ ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीमुळे ग्रहाचं स्वतःभोवती फिरणं मंदावतं आणि बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. जाड वातावरण असेल तर यातून काही प्रमाणात सुटका होऊ शकते, पण तो अपवाद समजा.

याचे परिणाम लेखक हमखास विसरतात. सूर्यास्त नाही, दिवस-रात्रीची आलटापालट नाही, ऋतू नाहीत. त्यामुळे झोप, स्थलांतर, फुलणं, विणीचा हंगाम यांना वेळापत्रक देणारं घड्याळ आकाशात नाही. घड्याळ हवंच असेल तर शेजारच्या ग्रहांची ओढ किंवा ताऱ्यावरचे डाग वापरा. मला याहून मोलाचा वाटतो तो सावलीचा मुद्दा. तारा आकाशात हलत नाही, म्हणून डोंगरामागची सावलीही हलत नाही. तिथे प्रकाश कधीच पोहोचत नाही. वनस्पतीसदृश जीवांची स्पर्धा उंचीइतकीच जागेसाठी होईल, आणि हळूहळू सरकत प्रकाशात येण्याची क्षमता खूप फायद्याची ठरेल. उजेडाच्या आणि अंधाराच्या सीमेवर प्रकाश कायम आडवा येतो. तिथे पानं जमिनीला समांतर असण्यात काहीच अर्थ नाही, ती उभ्या भिंतीसारखी ताऱ्याकडे तोंड करून वाढतील.

लाल बटूच्या दोन वाईट सवयी आहेत. तारुण्यात तो कोट्यवधी वर्षं नंतरच्यापेक्षा बराच जास्त तेजस्वी असतो. म्हणजे आज सुखद अंतरावर असलेला ग्रह तेव्हा भाजून निघत असतो. पाण्याची वाफ वर जाते, अतिनील किरणांनी फुटते, हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि ऑक्सिजन मागे राहतो. म्हणून पाणी टिकायचं तर ते सुरुवातीला पृथ्वीपेक्षा पुष्कळ जास्त असायला हवं, किंवा ग्रह बाहेरच्या थंड भागात जन्मून नंतर आत सरकलेला हवा. दुसरी सवय म्हणजे क्ष-किरण आणि अतिनील किरणांचे भडके. याची लोक उगाच जास्त धास्ती घेतात. काही मीटर पाण्याखाली हे किरण पोहोचत नाहीत, आणि डिनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट किरणोत्सर्ग सोसतो. भडक्यांनी उघड्या जमिनीवरचं जीवन अवघड होईल, जीवसृष्टी संपणार नाही.

ऊर्जेचा हिशेब इथे खरा रंगतो. सुमारे ३,४०० केल्विन तापमानाच्या ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त असतो. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात, ज्यावर आपल्याकडची बहुतेक झाडं जगतात, सूर्य आपली सुमारे ३७ टक्के ऊर्जा देतो. तुमचा तारा फार तर १३ टक्के. म्हणजे एकूण ऊर्जा पृथ्वीइतकी मिळूनही कामाचा प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर येतो. यावर उपाय म्हणजे रंगद्रव्याने लाल रंगापलीकडचा प्रकाशही वापरणं. हे पृथ्वीवरही घडलं आहे: २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथल्या स्ट्रोमॅटोलाइटमधून (सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांच्या खडकांतून) हरितद्रव्य-एफ सापडलं, आणि त्याच्या आधारे काही सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) ७५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात. यावरूनच लाल बटूच्या ग्रहावर पानं काळी असतील ही कल्पना रूढ झाली. जमिनीवर ती ठीक आहे. पाण्यात मात्र ती फसते, कारण पाणी स्वतःच अवरक्त प्रकाश गिळतं. ७५० नॅनोमीटरचा प्रकाश मीटरभर पाण्यात दहाव्या हिश्श्याच्या खाली येतो. खोलवर फक्त निळा-हिरवा प्रकाश पोहोचतो, आणि तोच या ताऱ्याकडे सर्वांत कमी आहे. म्हणून समुद्रातलं उत्पादन वरच्या पातळ थरात गोळा होईल. तरंगत्या जाड सायीसारख्या थरांची, एकमेकांत गुंफलेल्या चटयांची कल्पना करा. खालचं पाणी लवकरच अंधारतं.

इथे बरेचजण समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांचा आधार घेतात. प्रकाश नसला म्हणून काय झालं, तिथे जीव आहेतच की! गॅलापागोसजवळ १९७७ मध्ये सापडलेल्या झऱ्यांभोवतीचे लांबलचक नळीकृमी डोळ्यांसमोर येतात. पण हे कृमी आणि त्यांच्या शरीरातले जीवाणू गंधकाच्या संयुगांचं ऑक्सिडीकरण करायला जो ऑक्सिजन वापरतात, तो वरच्या उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. शिवाय आकडे पाहा. पृथ्वीच्या कक्षेत सूर्याकडून दर चौरस मीटरला १,३६१ वॉट येतात. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता सरासरी ०.०९ वॉट. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या फवाऱ्यांत हायड्रोजन असल्याचं २०१७ मध्ये आणि फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, तेव्हा बर्फाखाली सूक्ष्मजीव जगू शकतील हे मानायला चांगली कारणं आहेत. मोठ्या शिकारी प्राण्यांना पोसण्याइतकं भांडवल मात्र अशा जागी जमत नाही.

मोठ्या शरीराला ऑक्सिजन लागतो, आणि त्याचं कारण साधं आहे. ग्लुकोजचा एक रेणू आंबवला तर एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) २ रेणू मिळतात, ऑक्सिजनसह जाळला तर सुमारे ३०. दुसरी अडचण विसरणाची (डिफ्यूजन), म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरत जाण्याची. पाण्यात ऑक्सिजनला नुसत्या विसरणाने १० मायक्रॉन जायला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो, १ मिलिमीटरला चार मिनिटं लागतात, १ सेंटिमीटरला सात तास, आणि १० सेंटिमीटरला जवळजवळ महिना. वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून साधारण मिलिमीटरपेक्षा जाड, धावपळ करणाऱ्या कुठल्याही प्राण्याला रक्तासारखं काहीतरी, ते ढकलणारा पंप आणि कल्ले किंवा फुप्फुसांसारखा मोठा पृष्ठभाग लागेलच. हा भौतिकशास्त्राचा भाग आहे, यात सवलत नाही. रक्ताचा रंग कोणता ते मात्र तुमच्या मर्जीवर. ऑक्टोपसचं तांब्यामुळे निळं असतं.

प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजनचा एक रेणू सोडायला किमान ८ फोटॉन लागतात. कामाचे फोटॉन कमी असतील तर ऑक्सिजन साठायला वेळ जास्त लागेल. पृथ्वीवरच जीवनाचे खात्रीचे पुरावे सुमारे ३.५ अब्ज वर्षं जुने आहेत, हवेत ऑक्सिजन टिकू लागला २.४ अब्ज वर्षांपूर्वी, आणि मोठे प्राणी आले जेमतेम ६० कोटी वर्षांपूर्वी. वर सांगितलेला, पाणी फुटून मागे राहिलेला ऑक्सिजन आयता वापरता येईल असं वाटेल. तिथे सापळा आहे: जीव जन्मण्याआधीच ऑक्सिजन भरपूर असेल तर जीवनाचे कच्चे रेणू जमण्याआधीच जळून जातात. तो आधी समुद्रातल्या आणि खडकांतल्या लोहाने शोषला जाऊ द्या.

आता जमिनीचा प्रश्न. खडकाळ ग्रहाचं वस्तुमान साधारणपणे त्रिज्येच्या ३.७व्या घातानुसार वाढतं. गुरुत्वाकर्षण दुप्पट हवं तर त्रिज्या पृथ्वीच्या १.५ पट आणि वस्तुमान ४.५ पट येतं. त्रिज्या १.६ पटीच्या पुढे गेली की बहुतेक ग्रह जाड वायूचं आवरण बाळगणारे निघतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. पाण्याचं प्रमाण पृथ्वीइतकंच धरलं तर पाणी ४.५ पट, पण पृष्ठभाग २.२५ पटच. म्हणून समुद्राची सरासरी खोली दुप्पट: पृथ्वीवर ३.७ किलोमीटर, इथे ७.४. आणि डोंगरांची उंची? खडकाची ताकद तीच आणि वजन दुप्पट, म्हणून डोंगर निम्मे. समुद्र दुप्पट खोल, डोंगर निम्म्या उंचीचे. सगळी जमीन पाण्याखाली जाते. जास्त दाबामुळे पाण्याचा काही भाग खाली प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, मुरेल आणि थोडी जमीन उघडी राहील असंही गणित मांडलं गेलं आहे, पण त्यावर अख्खी कथा उभी करू नये.

जमीन नसणं म्हणजे नुसतं चालायला जागा नसणं एवढंच नव्हे. समुद्रातल्या जीवांना लागणारा फॉस्फरस मुख्यतः जमिनीवरच्या खडकांची झीज होऊन नद्यांतून येतो. जमीन बुडाली की हा पुरवठा आटतो आणि प्रकाश असूनही समुद्र उपाशी राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड नियंत्रणात ठेवणारं खडकांच्या झिजेचं चक्रही कमजोर पडतं.

यातून तुम्हाला तीन वाटा आहेत. पहिली, पाण्याचं प्रमाण पृथ्वीच्या पाव करा. मग खोली सुमारे १.८५ किलोमीटर होते, डोंगरही निम्मे असल्याने जमीन-समुद्राचा तोल पृथ्वीसारखा राहतो. दुसरी, गुरुत्वाकर्षण १.३ पटीवर आणा: त्रिज्या १.१७, वस्तुमान १.८. तिसरी, समुद्रच स्वीकारा, पण मग दुप्पट गुरुत्वाकर्षणाची गंमत जवळपास संपते, कारण पाण्यात तरंगणाऱ्या शरीराला वजन जाणवतच नाही. मी पहिली वाट घेईन.

ती घेतली असं धरून शरीराकडे येऊ. हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, वजन घनफळावर. म्हणून आकार तसाच ठेवला तर दुप्पट गुरुत्वाकर्षणात प्राण्याची कमाल लांबी-उंची निम्मी होते आणि कमाल वस्तुमान एक अष्टमांश. पृथ्वीवर ६ टनांचा आफ्रिकी हत्ती ज्या ठिकाणी आहे, तिथे तुमच्याकडे ७५० किलोचा प्राणी येतो. झाडांना दुहेरी मार बसतो: खोडावरचा भार आणि पाणी वर खेचण्याचा ताण. पृथ्वीवरचं सर्वांत उंच झाड, कोस्ट रेडवूड, सुमारे ११६ मीटर आहे. इथे साधारण त्याच्या निम्म्यावर मर्यादा येईल.

दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे पडणं. एक मीटर पडायला पृथ्वीवर ०.४५ सेकंद लागतो, इथे ०.३२. तोल जाताना सावरायला मज्जातंतूंकडे तेवढा कमी वेळ उरतो. बसकी ठेवण, पसरट पाय आणि जास्त पाय यांना म्हणून फायदा आहे. सहा पाय असले की तीन जमिनीवर ठेवून बाकीचे तीन उचलता येतात, तोल कधीच जात नाही. कीटक हेच करतात. उडायचं असेल तर हवा दुप्पट दाट ठेवा. तेवढ्याच पंखांवर उडण्याचा वेग पृथ्वीइतकाच राहतो, कष्ट मात्र दुप्पट पडतात.

तरीही पायांची संख्या भौतिकशास्त्र ठरवत नाही, पूर्वज ठरवतो. आपल्याला चार अवयव आहेत कारण आपल्या मासळीसारख्या पूर्वजाला कल्ल्यांमागे परांच्या दोन जोड्या होत्या. पाच बोटांनाही विशेष कारण नाही, सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या अकँथोस्टेगा या सुरुवातीच्या चार पायांच्या प्राण्याला आठ होती. तेव्हा सहा पाय ठेवायचे तर नियम घराण्याला लावा. त्या कुळातल्या माशाला परांच्या तीन जोड्या, उडणाऱ्या नातलगाला दोन पंख आणि चार पाय, बिळात राहणाऱ्याला कदाचित सहांपैकी चार खुरटलेले. एकच प्राणी सहा पायांचा आणि त्याचे सगळे भाऊबंद चार पायांचे, ही काल्पनिक प्राणिसृष्टीतली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. अवयव कमी होणं उत्क्रांतीत नेहमीचं, नवी जोडी फुटणं फार विरळा.

सिलिकॉनचं लवकर आटपतो. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे आणि कार्बन एक दशांश टक्क्याहूनही कमी. तरी जीवनाने कार्बनच उचलला. कार्बन जळला की वायू होतो, श्वासाने बाहेर टाकता येतो. सिलिकॉन जळला की वाळू होते. सिलिकॉनच्या लांब साखळ्या पाण्यात आणि ऑक्सिजनमध्ये टिकत नाहीत. उलट कार्बनचे रेणू अवकाशात सगळीकडे पडलेले आहेत: बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यात, प्रथिनांत वापरल्या जाणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ आणि डीएनए-आरएनएमधले पाचही क्षारक सापडले. सिलिकॉन सोडवत नसेल तर तो कवचात, दातांत, हाडांत घाला. डायटम (सूक्ष्म शैवाल) आणि काही स्पंज सिलिकेचे, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे, सांगाडे बनवतातच.

बुद्धिमत्तेच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोडी सोडवणारा मेंदू वानरं, डॉल्फिन, कावळे आणि ऑक्टोपस यांच्यात वेगवेगळा वाढला, आणि ऑक्टोपसचा नि आपला समान पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना आहे. म्हणजे हुशारी पुन्हा येऊ शकते. पण माणसाचा मेंदू वजनाच्या २ टक्के असून विश्रांतीतल्या ऊर्जेच्या २० टक्के खातो. हा खर्च सतत फेडणारं काहीतरी रोजच्या जगण्यात हवं. बदलतं अन्न, कळपातलं राजकारण, हाताळता येणाऱ्या वस्तू, पिल्लांना शिकवण्याइतकं लांब बालपण. सहापैकी पुढचे दोन पाय चालण्यातून मोकळे करा, काम सोपं होतं. तंत्रज्ञान ही त्यापुढची पायरी आणि तिला आग लागते. हवेत ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या खाली असेल तर लाकडाची आग टिकत नाही, आणि आग नाही तर धातू नाहीत. पाण्याखालच्या हुशार प्राण्यांचीही हीच अडचण.

वेळेची तुम्हाला चिंता नाही, लाल बटू सूर्यापेक्षा कितीतरी पट जगतो. तरी वेळ कुठे खर्च होतो ते लक्षात घ्या. पेशी एकत्र येऊन झुपके करणं झटपट होतं: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लवकर तळाशी बसणाऱ्या यीस्टची रोज निवड केल्यावर ६० दिवसांत झुपक्यांनी वाढणारं यीस्ट तयार झालं. केंद्रकयुक्त पेशी यायला मात्र पृथ्वीवर जीवनाच्या पहिल्या खात्रीच्या पुराव्यापासून जवळपास दोन अब्ज वर्षं गेली. ग्रहाचं वय ठरवताना ही दरी मोकळी ठेवा. ६ ते ८ अब्ज वर्षं वय दिलंत तर कुणी हरकत घेणार नाही.

शेवटी कळपाचं गणित करून बघा, कारण तिथे बऱ्याच कथा तोंडघशी पडतात. ४०० किलोच्या तृणभक्षी प्राण्याला विश्रांतीत रोज सुमारे ६,२०० किलोकॅलरी लागतात आणि हिंडण्या-फिरण्यासकट त्याच्या दुप्पट. गवताळ भागात वर्षाला चौरस मीटरमागे अर्धा किलो सुकं उत्पादन धरा, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी. तुमच्या ताऱ्याखाली त्याचा तिसरा हिस्सा, आणि त्यातलं दहा टक्के प्राण्याच्या पोटात जाऊन कामी येतं असं समजा. हिशेब एका प्राण्यामागे साडेसहा ते सात हेक्टरांवर येतो. ५०० जणांच्या कळपाला ३५ चौरस किलोमीटर. अशा कळपावर १०० किलोचे शिकारी दहा-बाराच पोसले जातात. हे आकडे ढोबळ आहेत, प्राणी उष्ण रक्ताचे ठेवले नाहीत तर खर्च बराच खाली येतो आणि संख्या पाच-दहा पटींनी वाढवता येते. त्यांच्या जोडीला गवत पचवणारे पोटातले सूक्ष्मजीव, मेलेलं कुजवणारे विघटक आणि परजीवीही लिहा. पृथ्वीवर परजीवींच्या जाती इतक्या आहेत की ते नसलेला ग्रह जाणकाराला लगेच खोटा वाटतो, आणि सहा पायांच्या प्राण्याला खाजवायला निदान अवयव तरी जास्त आहेत.